पेटीतली पुस्तके आणि ढगातला संगणक

आपल्या शाळेच्या ग्रंथालयात, उत्तरेकडच्या खिडकीखाली, एक जुनी लाकडी पेटी आहे. कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, दोन्ही बाजूंना उचलण्यासाठी कड्या आणि झाकणाला कुलपाची कोयंडी. तुमच्यापैकी पुष्कळांनी मधल्या सुटीत तिच्यावर बसून डबा खाल्ला असेल. जवळच्या एका खेड्यातले वाचनालय बंद पडले तेव्हा त्याच्या कपाटांबरोबर ती आपल्याकडे आली. ती बडोदे संस्थानच्या फिरत्या ग्रंथालयाची असावी असा आमचा समज आहे. तो खरा असो वा नसो, या लेखाची सुरुवात मला तिच्यापासूनच करायची आहे.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीच्या भागात आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे बडोद्याच्या मराठी घरांत लहान मुलालाही ठाऊक असते. त्याच्या पुढचा प्रश्न तितकासा बोलला जात नाही. वाचायला शिकलेल्या मुलाने पुढे वाचायचे काय? प्रत्येक खेड्यात ग्रंथालय उभारण्याइतका पैसा कोणत्याच राज्याजवळ नव्हता. महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतले आणि संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. त्या जाळ्याचा एक धागा म्हणजे या पेट्या. पुस्तके खेड्याच्या मालकीची नसत. ती मध्यवर्ती ठिकाणी राहत, पेटीत भरून गावी जात, वाचून झाली की परत येत आणि दुसरी पेटी निघे. गावाने फक्त पेटी उतरवून घ्यायची, पुस्तके वाटायची आणि जपून परत धाडायची.

कमी खर्चात पुष्कळांपर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग आहे, पण त्याला एक अट आहे. रस्ता चालू हवा. पावसाळ्यात नदीला पूर आला की पेटी अलीकडच्या काठावरच राहायची. तेवढे दिवस त्या गावाचे ग्रंथालय म्हणजे मागच्या खेपेला आलेली पुस्तके, एवढेच.

ज्या स्वस्त लॅपटॉपांविषयी गेली काही वर्षे पालकसभेत आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात इतके बोलले जाते, त्यांची रचना नेमकी या पेटीसारखी आहे. यंत्र हलके आणि साधे. खरी साठवण, खरी गणना दूर कुठेतरी. तिला ‘क्लाउड’ म्हणजे ढग म्हणतात, पण प्रत्यक्षात ती जमिनीवरच्या प्रचंड इमारतींत, ओळीने लावलेल्या हजारो संगणकांत असते. या यंत्रांचे जमेचे आणि उणे समजून घ्यायचे असेल तर त्यांचा इतिहास पाहायला हवा, कारण ही कल्पना वाटते तितकी नवी नाही.

अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयात १ मे १९६४ रोजी पहाटे जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी एक प्रयोग यशस्वी केला. संगणक एकच होता, पण टेलिप्रिंटरसारख्या अनेक यंत्रांवरून अनेकांना तो एकाच वेळी वापरता येऊ लागला. सर्वसामान्य विद्यार्थ्यालाही आज्ञा लिहिता याव्यात म्हणून त्यांनी ‘बेसिक’ ही सोपी भाषा रचली. पुढे आसपासच्या शाळाही टेलिफोनच्या तारांनी या संगणकाला जोडल्या गेल्या. शाळेत यंत्र होते, संगणक मात्र महाविद्यालयात. आजच्या क्लाउडचे मूळ असे शाळेतच सापडते, ही गोष्ट मला शिक्षिका म्हणून सुखावते.

त्यानंतर काळ उलटला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत संगणक टेबलावर मावेल एवढा झाला आणि प्रत्येकाचा स्वतंत्र झाला. आपल्या देशातल्या शाळांत त्याचे पहिले पाऊल पडले ते १९८४-८५ साली, ‘क्लास’ नावाच्या केंद्र सरकारच्या प्रकल्पातून. त्यासाठी ब्रिटनहून ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक आणले गेले. त्यांची स्मृती ३२ किलोबाइटची, म्हणजे आज एक छोटेसे छायाचित्रही मावणार नाही इतकी. बी.एड.च्या पाठांसाठी मी एका शाळेत जात असे तेव्हा तिथल्या संगणकाचे दर्शन झाले होते. ‘दर्शन’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरते. त्याच्यावर कापडाचे आच्छादन होते, खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, आणि किल्ली ज्यांच्याकडे असे ते सर त्या दिवशी रजेवर होते.

१९९५ साली ओरॅकल कंपनीचे प्रमुख लॅरी एलिसन यांनी पुन्हा जुनीच कल्पना नव्या नावाने पुढे आणली. पाचशे डॉलरांच्या आतला, स्वतःची मोठी साठवण नसलेला, सारे काही जाळ्यावरून घेणारा ‘नेटवर्क कॉम्प्युटर’. ती कल्पना काही वर्षांतच मावळली. एक तर नेहमीचे संगणकच स्वस्त झाले. दुसरे आणि मोठे कारण म्हणजे त्या काळी घरातले इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून कण्हत-कुथत येत असे. पेटी तयार होती, रस्ता नव्हता.

स्वस्त संगणक मुलांच्या हाती देण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सिंप्युटर’ हे हातात मावणारे यंत्र घडवले. निरक्षर माणसालाही भारतीय भाषांत वापरता यावे, एकाच यंत्रात गावातल्या अनेकांनी आपापले कार्ड घालून काम करावे, अशी त्यामागची दृष्टी होती. २००४ साली ते बाजारात आले, पण बाजाराने त्याला साथ दिली नाही. पुढे ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ ही पाटी प्रकाशात आली. जगातली सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून तिचा गाजावाजा झाला. पहिल्या आवृत्तीची गती इतकी मंद आणि पडदा इतका हट्टी होता, की बोट दाबून दाबून मुले थकत. पुढच्या आवृत्तीत मुंबईच्या आयआयटीने लक्ष घातले, सुधारणाही झाल्या, पण तोवर लोकांचा विश्वास उडाला होता.

या साऱ्यांत मला सर्वांत शिकण्याजोगी वाटते ती निकोलस नेग्रोपोंटे यांच्या ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ या मोहिमेची कथा. २००५ साली त्यांनी तिची घोषणा केली. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप द्यावा, बाकीचे मूल स्वतः शिकेल, असा त्यांचा विश्वास होता. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, उन्हातही पडदा वाचता येणारे, धूळपाण्याला न डगमगणारे ते यंत्र खरोखरच कौतुकास्पद होते. शंभर डॉलरांचे मात्र ते कधीच झाले नाही. २००७ साली उत्पादन सुरू झाले तेव्हा किंमत १८८ डॉलरांच्या घरात होती. आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ सालीच या योजनेला नकार दिला होता. पैसा वर्गखोल्यांना आणि शिक्षकांना अधिक हवा आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. तरीही या यंत्रांचा भारतातला पहिला छोटा प्रयोग २००७ साली झाला, आणि तो महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैरात या वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत. वीस-बावीस मुले आणि तेवढीच यंत्रे.

पेरू या देशाने मात्र ही यंत्रे लाखांनी घेतली. तिथल्या ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. लॅपटॉप मिळालेल्या मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक आढळला नाही. विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी वाढ दिसली, एवढेच. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि यंत्राचे पाठात काय करायचे, हे शिक्षकांना पुरेसे शिकवलेले नव्हते. त्याच खंडात उरुग्वेने तीच यंत्रे घेतली, पण सोबत शाळाशाळांत जोडणी नेली, दुरुस्तीची व्यवस्था लावली, शिक्षकांचे प्रशिक्षण हाती घेतले. २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र होते, आणि ती योजना रूप बदलत आजही चालू आहे. उरुग्वे लहान देश आहे हे खरे. पण मुख्याध्यापिकेने खरेदीच्या कागदावर सही करण्यापूर्वी पेरू आणि उरुग्वे या दोन देशांची नावे एकदा मनाशी उच्चारावीत, असे मला वाटते. मी तसे केले नाही, ते पुढे सांगते.

आता क्रोमबुक. गूगलने ७ जुलै २००९ रोजी जाहीर केले की केवळ ब्राउझरभोवती बांधलेली एक संगणक-प्रणाली आम्ही तयार करीत आहोत. सुंदर पिचाई हे त्या कामाचे एक प्रमुख होते. डिसेंबर २०१० मध्ये नाव-चिन्ह नसलेली काळी यंत्रे निवडक लोकांना चाचणीसाठी वाटली गेली आणि १५ जून २०११ पासून अमेरिकेत क्रोमबुकची विक्री सुरू झाली. आरंभी थट्टा पुष्कळ झाली. इंटरनेट गेले की हा केवळ महागडा पाट उरतो, असे म्हणत, आणि तेव्हा ते बरेचसे खरेही होते. २०१२ च्या उन्हाळ्यात गूगलच्या लेखनसाधनात इंटरनेटशिवाय लिहिण्याची सोय आली, २०१६ पासून मोबाइलवरची अॅप्स त्यावर चालू लागली आणि २०१८ पासून लिनक्सवरची साधनेही. अमेरिकेतल्या शाळांनी त्याला उचलून धरले. काही वर्षांतच तिथे शाळांसाठी विकल्या जाणाऱ्या उपकरणांत निम्म्याहून अधिक क्रोमबुक होती.

भारतात ती २०१३ साली आली. २०१५ साली १२,९९९ रुपयांची क्रोमबुक मिळू लागली. तरी खरा बदल २०१६ नंतरचा, मोबाइलचा डेटा एकाएकी स्वस्त झाला तेव्हाचा. रस्ता आला. २ ऑक्टोबर २०२३ पासून चेन्नईजवळच्या कारखान्यात एचपीची क्रोमबुक तयार होऊ लागली.

शाळांनी ती का घेतली, हे समजायला यंत्र थोडे उघडून पाहावे लागते. चालू केल्यावर दहा-बारा सेकंदांत ते कामाला तयार होते. मूळ प्रणाली अशा कप्प्यात असते की वापरणाऱ्याला तिच्यात फेरफार करता येत नाही. दर वेळी सुरू होताना ते स्वतःला तपासते आणि काही बिघडले असेल तर मागच्या चांगल्या स्थितीकडे परतते. प्रणालीच्या दोन प्रती असतात. एक वापरात असताना दुसरी मागच्या मागे अद्ययावत होते. विषाणूंचा उपद्रव त्यामुळे फारच कमी. मूल आपल्या नावाने आत आले की त्याचे काम त्याच्यासमोर येते, दुसऱ्या मुलाचे दिसत नाही. यंत्र पडून फुटले तरी निबंध शाबूत राहतो. ज्या शाळेत संगणकाचे वेगळे शिक्षक नेमण्याची ऐपत नाही, तिथे हे गुण लहान नाहीत. साठवण १६ किंवा ३२ गिगाबाइट आणि स्मृती ४ गिगाबाइट एवढ्यावर भागते, म्हणून ते स्वस्त पडते.

आता आपली कथा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली. आपल्याकडच्या कित्येक घरांत एकच मोबाइल होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जात असे. तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी, म्हणजे तुम्हीच, तीन आठवड्यांत पैसे जमवले. त्या पैशांतून ऑगस्टमध्ये आम्ही प्रत्येकी दहा हजारांच्या आत पडणारी तीस क्रोमबुक घेतली. ती तीस घरांत गेली. दहावीच्या मुलांना आधी, मग नववीच्या. त्या दोन वर्षांत त्यांनी जे काम केले त्याविषयी मला तिळमात्र शंका नाही. एका मुलीने स्वयंपाकघरात फळीवर यंत्र ठेवून, आईच्या पोळ्यांच्या आवाजात, सारा बीजगणिताचा भाग पुरा केला.

चूक वेगळी होती. या यंत्रांना अद्ययावत होण्याची एक मुदत असते. ती खरेदीच्या दिवसापासून मोजली जात नाही, त्या जातीचे यंत्र प्रथम बाजारात आले तेव्हापासून मोजली जाते. आरंभी ही मुदत चार-पाच वर्षांची होती, मग साडेसहा झाली, पुढे आठ. आमची यंत्रे जुन्या साठ्यातली होती आणि विक्रेत्याने ते सांगितले नाही. मीही विचारले नाही. किंमत, पडद्याचा आकार, वॉरंटी हे तीन रकाने तपासून सही केली. जून २०२२ मध्ये पडद्यावर सूचना उमटली की यापुढे सुरक्षेच्या सुधारणा मिळणार नाहीत. शाळा पूर्ववत भरू लागून तेव्हा काही महिनेच झाले होते. वर्गात ती यंत्रे रुळत होती न होती तोच त्यांचे वय संपले. यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही, हेही सांगायला हवे. ते चालत राहते, पण ब्राउझर जुना होत जातो आणि एकेक संकेतस्थळ दार लावू लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवली. आमच्या यंत्रांची वेळ तोवर टळून गेली होती.

हा हिशेब हीरक महोत्सवाच्या अंकात मांडावा का, असे समितीत विचारले गेले. पैसे ज्यांचे, त्यांना तो कळायला हवा, असे माझे मत पडले.

वर्गात आल्यावर आणखी काही मर्यादा कळल्या, त्या कोणत्याही जाहिरातीत नसतात. तीस मुले एकाच वेळी आत आली की आपली इंटरनेटची जोडणी दमते. पस्तीस मिनिटांच्या तासातली पहिली दहा मिनिटे पासवर्डात जात. पाचवीच्या मुलाला रोमन अक्षरे एकेक शोधत लिहावी लागतात. शेवटी संगीताच्या बाईंनी पासवर्डांना चाल लावून दिली तेव्हा तो वेळ निम्म्यावर आला (आणि मग प्रत्येकाचा पासवर्ड प्रत्येकाला पाठ झाला, हा भाग निराळा). इंटरनेटशिवाय लिहिता येते, पण त्यासाठी ती सोय आधीच, इंटरनेट असताना, चालू करून ठेवावी लागते. पूर येण्यापूर्वी पेटी गावात पोहोचलेली असली पाहिजे.

मराठीपुरती एक अडचण खास आपली. आपल्या वार्षिकांकांचा २००० पासूनचा मजकूर त्या काळच्या छापखान्याच्या रिवाजाप्रमाणे श्रीलिपीच्या टंकात आहे. तो विंडोजवरच्या विशिष्ट साधनावर उघडतो. क्रोमबुकवर उघडला की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते. नवा मजकूर युनिकोडमध्ये असल्याने तो कुठेही वाचता येतो, मराठीत बोलून लिहिण्याची सोयही गूगलच्या लेखनसाधनात आहे, आणि सातवीची मुले तिच्यावर खूष आहेत. ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला फरक यंत्राला कळावा म्हणून ती जितक्या स्पष्ट उच्चाराने बोलतात, तितके माझ्या तासाला कधी बोलली नव्हती. पण जुन्या अंकांतल्या तुमच्या कविता आणि सहलींची वर्णने वाचायची तर कार्यालयातला जुना संगणकच लागतो. तो बंद पडण्यापूर्वी सारा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेण्याचे काम दोन माजी विद्यार्थिनींनी अंगावर घेतले आहे. ते निम्मे झाले आहे.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. मुलाचे लेखन, त्याच्या चुका, तो काय शोधतो, हे सारे दूरच्या इमारतीत साठते. डेन्मार्कमधल्या हेल्सिंगोर या गावात २०२२ साली तिथल्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांनी शाळांतल्या क्रोमबुकच्या वापरावर याच कारणासाठी बंदी आणली. काही आठवड्यांनी ती स्थगित झाली, पण मुलांची माहिती नेमकी कुठे जाते याचा हिशेब गावाला मांडावा लागला. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे. जूनमध्ये तुमच्याकडे जो दोन पानी अर्ज पाठवला होता, तो यासाठी. पुष्कळांनी न वाचता सही केली. ज्या तिघा पालकांनी फोन करून प्रश्न विचारले, त्यांचे मी मनापासून आभार मानते.

जुन्या तीस यंत्रांपैकी नऊ आता भंगारात गेली आहेत. अकरांवर आपल्या एका अभियंता माजी विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुटीत लिनक्स बसवून दिले. ती नववीच्या मुलांना आज्ञावली शिकण्यासाठी उपयोगी पडतात. उरलेली दहा इंटरनेटला न जोडता ग्रंथालयात टंकलेखनाच्या सरावासाठी ठेवली आहेत.

महोत्सवाच्या निधीतून पुन्हा चाळीस यंत्रे घ्यावीत असा प्रस्ताव आहे. पटसंख्या दरवर्षी घटत असताना इंग्रजी शाळांच्या जाहिरातींत संगणककक्षाचे चित्र पाहून पालक इथून मुले काढतात, हे मला दिसते. म्हणून यंत्रे हवीत. पण या वेळी विक्रेत्यांना पाठवलेल्या पत्रात किमतीच्या वर तीन ओळी आहेत: अद्ययावत होण्याची शेवटची तारीख लेखी द्यावी, ती २०३२ च्या आधीची नसावी, आणि बॅटरी व कळफलक बडोद्यातच बदलून मिळावेत. निधीतला चौथा हिस्सा यंत्रांवर खर्च करायचा नाही. तो इंटरनेटची दुसरी जोडणी आणि शिक्षकांच्या सुटीतल्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवायचा, असे मी सुचवले आहे. यावर समितीत एकमत झालेले नाही. काही सदस्यांना चाळिसाऐवजी तीसच यंत्रे दिसणे कमीपणाचे वाटते. आलेली दरपत्रके आणि माझे टिपण कार्यालयात ठेवले आहे. शनिवारी अकरा ते एक या वेळेत कोणाही माजी विद्यार्थ्याला किंवा पालकाला ते पाहता येईल.